बोट वर होण्याआधी

(धाराशिव येथे शालेय खेळाडू, क्रीडाशिक्षक आणि पालक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



धाराशिव जिल्ह्याची क्रीडाक्षेत्रातील ओळख प्रामुख्याने खो-खोची आहे. याच मातीत घडलेल्या सारिका काळे यांनी २०१६ साली गुवाहाटी येथे झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या महिला खो-खो संघाचे नेतृत्व केले, सुवर्णपदक मिळवले आणि २०२० साली त्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी ठरल्या. असे असूनही आज मी आपल्यापुढे क्रिकेटविषयी बोलणार आहे. ज्वारीची काढणी होऊन रान मोकळे झाले की परंड्यापासून उमरग्यापर्यंत गावोगावी टेनिस चेंडूचे सामने सुरू होतात. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ साली एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात खेळला, तेव्हा या जिल्ह्यातील कितीतरी घरांत मुलाच्या हातातील बॅटकडे पाहण्याची वडिलधाऱ्यांची दृष्टीच बदलली. ज्या खेळात आपली इतकी मुले आयुष्याची उमेदीची वर्षे घालवतात, तो खेळ त्यांच्या मनावर कोणता संस्कार करतो, याची विचारपूस करणे हे आपल्या सर्वांचे कर्तव्य आहे.

क्रिकेटमधील प्रामाणिकपणाचा प्रश्न मोठा विस्तृत आहे. सट्टा, सामनानिश्चिती, चेंडूशी छेडछाड हे सारे त्यात येते. परंतु ते विषय बहुधा आपल्या मैदानापासून दूरचे असतात. मी आज एवढाच प्रश्न विचारणार आहे : चेंडू बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाच्या हातात गेला, पंचांना ते कळले नाही, फलंदाजाला मात्र कळले, अशा वेळी फलंदाजाने काय करावे?

साक्षीदार एकच

पायचीतचा निर्णय फलंदाज स्वतः देऊ शकत नाही. चेंडू यष्टींवर गेला असता की नाही, हे त्याला तिथून दिसत नाही. कडेची गोष्ट निराळी आहे. चेंडूचा निसटता स्पर्श झाला तरी बॅटच्या दांड्यातून हाताच्या मुठीला तो जाणवतो. आपली मुले ज्याला ‘कट लागली’ असे म्हणतात, ती कट लागली की नाही, हे मैदानावरील सर्वांत आधी आणि सर्वांत निश्चितपणे जाणणारा मनुष्य म्हणजे फलंदाज. क्वचित बॅट पॅडला किंवा जमिनीला घासते आणि त्यालाही संभ्रम पडतो. परंतु बहुतेक वेळा या घटनेचा खात्रीचा साक्षीदार तोच असतो, आणि ती साक्ष त्याच्याच विरुद्ध जाणारी असते.

आंतरराष्ट्रीय सामन्यात आज या साक्षीदाराची गरज उरली नाही, असे कोणी म्हणेल. २००९ पासून निर्णयाच्या फेरतपासणीची पद्धत अधिकृतपणे लागू झाली. यष्टींजवळचा ध्वनिग्राहक बारीक आवाज टिपतो आणि चेंडू बॅटजवळून जाताना पडद्यावर उमटलेली रेघ तिसरा पंच पाहतो. आपल्या मैदानावर काय असते? तेथे पंच म्हणून बहुतेक वेळा फलंदाजी करणाऱ्या संघाचाच एखादा खेळाडू उभा असतो. गोलंदाज अपील करतो, तेव्हा पंच झालेला मुलगा आपल्याच मित्राच्या चेहऱ्याकडे पाहतो. हल्ली अनेक सामन्यांचे मोबाइलवर चित्रीकरणही होते. पण सीमारेषेवरच्या मोबाइलला बारीक कट दिसत नाही. तेव्हा वानखेडेपेक्षा किंवा लॉर्ड्सपेक्षा कळंबच्या वा भूमच्या मैदानावर फलंदाजाच्या प्रामाणिकपणाची गरज अधिक आहे. जिथे यंत्र नाही, तिथे सगळी मदार माणसावर असते.

येथे खेळाचा नियम काय म्हणतो तेही पाहावे. क्रिकेटच्या नियमावलीतील ३१वा नियम सांगतो की, क्षेत्ररक्षक संघाने अपील केल्याखेरीज पंच कोणालाही बाद देऊ शकत नाहीत. मात्र त्याच नियमात पुढे स्पष्ट केले आहे की, नियमानुसार बाद झालेल्या फलंदाजाला अपील होण्याची वाट न पाहता स्वतःहून निघून जाण्यास कोणतीही आडकाठी नाही. म्हणजे ज्याला क्रिकेटच्या भाषेत ‘वॉक’ करणे म्हणतात, त्याला नियमानेच जागा ठेवली आहे. नियम सक्ती करीत नाही, मुभा देतो. न्यायालयात आरोपीने स्वतःविरुद्ध साक्ष द्यावी असा आग्रह कायदा धरत नाही. म्हणूनच जो ती आपणहून देतो, त्याच्या साक्षीला मोल येते.

वानखेडेवरचा तो निर्णय

फेब्रुवारी १९८० मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मुंबईत वानखेडे मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यात एक कसोटी सामना झाला. भारताचे कर्णधार होते गुंडाप्पा विश्वनाथ. भारताने पहिल्या डावात २४२ धावा केल्या. इंग्लंडचे पाच गडी लवकर बाद झाले. इयान बोथम आणि यष्टिरक्षक बॉब टेलर ही जोडी जमू लागली असताना कपिल देव यांच्या चेंडूवर यष्टिमागे झेलाचे अपील झाले आणि पंच हनुमंत राव यांनी टेलर यांना बाद दिले. टेलर यांची बॅट चेंडूला लागली नव्हती. विश्वनाथ यांनी पंचांकडे जाऊन अपील मागे घेतले आणि टेलर यांना परत बोलावले.

पुढे काय झाले, हे सांगितल्यावाचून ही कथा पूर्ण होत नाही. बोथम आणि टेलर यांनी सहाव्या गड्यासाठी १७१ धावांची भागीदारी केली. बोथम यांनी ११४ धावा केल्या आणि सामन्यात १३ बळी घेतले. टेलर यांनी ४३ धावा केल्या. इंग्लंडने दहा गडी राखून सामना जिंकला. विश्वनाथ यांनी एकूण दोनच कसोटी सामन्यांत भारताचे नेतृत्व केले, त्यांतला हा दुसरा आणि शेवटचा.

या प्रसंगाचे गोडवे गाताना आपण पराभवाचा भाग हळूच वगळतो. मला वाटते, तो वगळू नये. प्रामाणिकपणाचे फळ तत्काळ आणि रोख मिळते, अशी शिकवण मुलांना दिली तर ती पहिल्याच पराभवात कोलमडेल. त्या दिवशी विश्वनाथ यांनी किंमत मोजली आणि ती मोठी होती. स्वतः फलंदाजी करतानाही बाद झाल्याचे कळताच पंचांकडे न पाहता चालू लागणारा फलंदाज, अशीच त्यांची ख्याती होती. स्वतःच्या बाबतीत जे माप ते लावत आले, तेच माप त्यांनी कर्णधार म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या बाबतीतही लावले. ज्याला आपण चारित्र्य म्हणतो, ते यालाच म्हणायचे.

नव्व्याण्णव शतके आणि एक कड

दुसरा प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला असेल. २०११ च्या विश्वचषकात १२ मार्च रोजी नागपूर येथे दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सचिन तेंडुलकर यांनी आपले नव्व्याण्णवावे आंतरराष्ट्रीय शतक पूर्ण केले. शंभराव्या शतकाकडे सारा देश डोळे लावून बसला होता. २० मार्च रोजी चेन्नईत वेस्ट इंडिजविरुद्ध सामना होता. सचिन दोन धावांवर असताना रवी रामपॉल यांचा चेंडू बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाच्या हातात गेला. अपील झाले. पंच स्टीव्ह डेव्हिस यांनी नकारार्थी मान हलवली. आणि सचिन तंबूकडे चालू लागले. ते शंभरावे शतक पुढे मिरपूर येथे १६ मार्च २०१२ रोजी, म्हणजे जवळपास एक वर्षाने झाले.

याच्या आदल्याच दिवशी, १९ मार्चला, कोलंबो येथे पाकिस्तानविरुद्ध ऑस्ट्रेलियाचे कर्णधार रिकी पाँटिंग यांच्या बॅटची कड लागली. पंचांनी नाबाद दिले. पाँटिंग उभे राहिले. पाकिस्तानने फेरतपासणी मागितली आणि ते बाद ठरले. सामन्यानंतर त्यांनी मोकळेपणाने मान्य केले की कड लागल्याचे त्यांना ठाऊक होते, परंतु ते नेहमीच पंचांच्या निर्णयाची वाट पाहतात.

या दोन प्रसंगांची तुलना करताना पाँटिंग यांच्यावर अन्याय होऊ नये. त्यांची भूमिका लपवाछपवीची नव्हती. निर्णय देणे हे पंचांचे काम, आपण तो स्वीकारावा, ही एक सुसंगत भूमिका आहे. मात्र त्या भूमिकेची एक अट आहे. पंचांनी चुकून बाद दिले तरी तोंडातून अवाक्षर न काढता निघून जायचे. अडचण अशी की, या भूमिकेचा आधार घेणारे पुष्कळ असतात, अट पाळणारे थोडे. चुकून नाबाद ठरलो तर ‘पंचांचा निर्णय अंतिम’. चुकून बाद ठरलो तर पंच आंधळा! दोन्ही बाजूंचा लाभ घ्यायचा, याला भूमिका म्हणत नाहीत, सोय म्हणतात.

आणखी एक प्रकार याहूनही वाईट आहे. काही फलंदाज शतक झाल्यावर, सामना हातात असताना ‘वॉक’ करून नाव मिळवतात आणि कठीण वेळी त्या नावाच्या आड उभे राहतात. पंचांना वाटते, हा तर प्रामाणिक, कट लागली असती तर गेलाच असता. सोयीपुरता प्रामाणिकपणा हा अप्रामाणिकपणापेक्षा घातक, कारण तो खऱ्या प्रामाणिक माणसाचीही पत घालवतो. म्हणून नियम एकच असावा : कळले तर निघायचे, धावफलकाकडे न पाहता, आणि खरोखर कळले नसेल तर पंचांवर सोडायचे, आणि मग कौल कोणताही येवो, तोंड वाकडे करायचे नाही.

तीन युक्तिवाद

या नियमाविरुद्ध नेहमी तीन युक्तिवाद केले जातात. त्यांना उत्तर देणे आवश्यक आहे, कारण ते करणारी मुले लबाड नसतात. त्यांना खरोखरच तसे वाटते.

पहिला युक्तिवाद असा : पंच मला चुकून बाद देतात, तेव्हा मला कोण परत बोलावतो? मग त्यांच्या चुकीचा लाभ मी का घेऊ नये? दिसायला हा हिशेब बरोबर आहे, परंतु त्यात देणेकरीच चुकला आहे. मागच्या सामन्यात तुझ्यावर अन्याय केला तो पंचांनी; आज तू जे हिरावून घेतोस ते गोलंदाजाचे. त्या गोलंदाजाने तुझे काय घेतले होते? शेजारच्या गावाहून सायकलवर आलेल्या एखाद्या मुलाचा कदाचित त्या मोसमातला तो एकमेव उत्तम चेंडू असेल. तो चेंडू चांगला होता, हे जगात फक्त तुला आणि त्याला माहीत आहे. तू उभा राहिलास, तर ते कोणालाच कळणार नाही.

दुसरा युक्तिवाद : मी एकटा असतो तर गेलो असतो, पण हा संघाचा खेळ आहे, माझ्या प्रामाणिकपणाची किंमत इतर दहा जणांनी का द्यावी? हा युक्तिवाद गंभीर आहे. त्याचे उत्तर एकट्या फलंदाजाने द्यायचे नसून संघाने द्यायचे आहे. सामना सुरू होण्यापूर्वीच कर्णधाराने सर्वांसमक्ष ठरवावे की आपल्या संघात कट लागलेला खेळाडू थांबणार नाही. एकदा ठरले की ती कोणा एकाची हौस उरत नाही, संघाची रीत होते. मग निघून येणाऱ्याला तंबूत शिव्या खाव्या लागत नाहीत.

तिसरा युक्तिवाद : ही सारी इंग्रजांची, तथाकथित सभ्य गृहस्थांची कल्पना, आपण जिंकायला शिकले पाहिजे. यातील पहिला भाग इतिहासालाच मान्य नाही. १८८२ साली ओव्हलवरील कसोटीत खेळपट्टीवरची माती थोपटण्यासाठी क्रीज सोडून गेलेल्या ऑस्ट्रेलियाच्या सॅमी जोन्स यांना धावबाद करणारे दुसरे तिसरे कोणी नव्हते, इंग्लंडचे नामवंत डब्ल्यू. जी. ग्रेस होते! आणि दुसरे असे की, खेळातल्या सचोटीसाठी आपल्याला कोणाकडे उसनवारी करण्याची गरजच नाही. विटी-दांडू, लगोरी, आट्यापाट्या हे खेळ आपल्या अंगणांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. त्यांना पंच कोठे होता? ज्याला हात लागला त्याने आपणहून बाजूला व्हायचे, एवढ्यावर ते खेळ उभे होते. जो बाजूला होत नसे, त्याच्यासाठी मराठीने एक झणझणीत शब्द घडवला आहे : ‘रडीचा डाव’. हा शब्द कोणा शास्त्रीपंडिताने दिलेला नाही, तो पोरांनीच पोरांसाठी घडवला आहे. रडी खाणाऱ्याला पंच शिक्षा करीत नसे. दुसऱ्या दिवशी कोणी त्याला खेळायलाच घेत नसे. आपल्या मातीतला दंडविधान तो हाच!

कोणी म्हणेल, मी खोटे बोललोच नाही. मला कोणी विचारलेच नाही, मी केवळ गप्प राहिलो. अशा गप्प राहण्यालाही आपल्या परंपरेत नाव आहे. ‘नरो वा कुंजरो वा’ हा शब्दप्रयोग आपण रोज वापरतो. युधिष्ठिराने तेव्हा सरळ असत्य सांगितले नव्हते. ऐकणाऱ्याचा गैरसमज होऊ दिला, एवढेच. तेवढ्यानेही जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला, असे महाभारत सांगते. कट लागल्यावर कोपर चोळत, पॅडकडे पाहत उभा राहणारा फलंदाज नेमके हेच करीत असतो.

आपला आणि परका

जानेवारी २००८ मधील सिडनी कसोटी आपण विसरलेलो नाही. ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू सायमंड्स ३० धावांवर असताना ईशांत शर्मा यांच्या चेंडूवर त्यांची कड लागली, धोनी यांनी झेल घेतला, पंच स्टीव्ह बकनर यांनी नाबाद दिले. सायमंड्स यांनी पुढे नाबाद १६२ धावा केल्या आणि आपण बाद होतो, हेही नंतर सांगितले. भारत तो सामना १२२ धावांनी हरला. साऱ्या देशात संताप उसळला आणि तो अगदीच अनाठायी होता असे मी म्हणणार नाही.

परंतु त्या संतापाला प्रतिष्ठा तेव्हाच येते, जेव्हा आपल्या बाजूच्या फलंदाजालाही आपण तोच न्याय लावतो. परका उभा राहिला तर फसवणूक आणि आपला उभा राहिला तर चतुराई, अशी दोन मापे ज्या समाजात चालतात, त्याची नीती ही नीती नसून केवळ पक्षपात असतो. आपल्या देशावर, आपल्या गावावर, आपल्या संघावर प्रेम असणे म्हणजे त्याच्याकडून अधिक अपेक्षा ठेवणे. गावकीच्या सामन्यात आपल्या गावाचा मुलगा आपणहून बाद होऊन परतला, तर सर्वांत आधी टाळ्या आपल्या गावाच्या बाजूने वाजल्या पाहिजेत.

अन्याय झाला तर?

कड लागलेली असताना निघून जाणे ही एक परीक्षा. कड लागलेली असूनही पायचीत दिले जाणे ही दुसरी, आणि ती अधिक अवघड. फेब्रुवारी १९८१ मध्ये मेलबर्न कसोटीच्या दुसऱ्या डावात सुनील गावस्कर आणि चेतन चौहान यांनी सलामीला १६५ धावांची भागी केली. चौहान हे पुण्यात वाढलेले, महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. गावस्कर ७० धावांवर असताना डेनिस लिली यांच्या चेंडूवर पंच रेक्स व्हाइटहेड यांनी त्यांना पायचीत दिले. चेंडू आधी बॅटला लागला होता, असे गावस्कर यांचे म्हणणे होते. रागाच्या भरात ते चौहान यांनाही मैदानाबाहेर नेऊ लागले. सीमारेषेपाशी भारतीय संघाचे व्यवस्थापक विंग कमांडर दुर्राणी पुढे आले आणि त्यांनी चौहान यांना परत पाठवले.

त्या क्षणी चौहान बाहेर गेले असते, तर भारताने सामना सोडल्यासारखे झाले असते. प्रत्यक्षात काय घडले? विजयासाठी १४३ धावा हव्या असलेल्या ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धावांत आटोपला. दुखऱ्या मांडीनिशी गोलंदाजी करून कपिल देव यांनी २८ धावांत ५ बळी घेतले आणि भारताने ५९ धावांनी सामना जिंकून मालिका बरोबरीत सोडवली. गावस्कर यांनी पुढे त्या कृतीबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. इतक्या थोर फलंदाजाचाही तोल एका क्षणी गेला, आणि नंतर तो त्यांनी मान्यही केला. दोन्ही गोष्टी तरुणांनी लक्षात ठेवाव्यात. अन्यायाच्या क्षणी संघात एक तरी माणूस सीमारेषेपाशी उभा असावा लागतो, जो म्हणेल : परत जा, खेळ चालू ठेव.

आपल्या महाराष्ट्रातील आणखी एका फलंदाजाची कहाणी येथे सांगितली पाहिजे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात रणजी सामन्यात महाराष्ट्राकडून खेळताना कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकर यांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तेव्हाचा जागतिक विक्रम मोडायला अवघ्या दहा धावा हव्या होत्या. आपल्या संघाविरुद्ध असा विक्रम नोंदला जाऊ नये म्हणून काठियावाडच्या कर्णधाराने खेळ पुढे चालवण्यास नकार दिला आणि सामना सोडून दिला. यात नियम मोडला का? नाही. सामना सोडून देण्याचा अधिकार कर्णधाराला आहे. पण पाऊणशे वर्षे उलटून गेली तरी त्या निर्णयाचे समर्थन करायला कोणी पुढे येत नाही आणि ४४३ हा आकडा आजही प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाचा सर्वोच्च आकडा म्हणून उभा आहे. निंबाळकर यांना कसोटी खेळण्याची संधी कधीच मिळाली नाही. नियमात बसते ते सगळेच शोभते असे नाही, याचा याहून बोलका पुरावा आपल्या मराठी मुलखात दुसरा सापडणार नाही.

दुसऱ्या टोकाचा फलंदाज

प्रामाणिकपणा फक्त खेळणाऱ्या टोकालाच लागतो असे नाही. गोलंदाजाच्या बाजूला उभा असलेला फलंदाज चेंडू सुटण्याआधीच दोन पावले पुढे सरकतो, तेव्हा तो धाव घेत नसतो, ती चोरत असतो. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी कसोटीत विनू मंकड यांनी असे पुढे गेलेल्या बिल ब्राउन यांना धावबाद केले. त्याच दौऱ्यातील आधीच्या एका सामन्यात त्यांनी ब्राउन यांना ताकीदही दिली होती. तरीही दोष लागला तो मंकड यांना. इतका की त्या प्रकाराला अनेक वर्षे त्यांचेच नाव चिकटले. गावस्कर यांनी त्या नावाला वारंवार आक्षेप घेतला तो योग्यच होता. खुद्द ब्रॅडमन यांनीही मंकड यांचीच बाजू घेतली होती. अखेर २०२२ साली नियमकर्त्यांनी ही तरतूद ‘अनुचित खेळ’ या प्रकरणातून काढून साध्या ‘धावबाद’ या प्रकरणात ठेवली. आपल्या मुलांनी यातून घेण्याचा बोध सोपा आहे. गोलंदाजाने आपल्याला असे बाद करावे की नाही, यावर वाद घालण्यापूर्वी आपली बॅट क्रीजमध्ये ठेवावी. तो प्रश्न मग उद्भवतच नाही.

कर्णधार, शिक्षक आणि पालक

शेवटी आपल्या, म्हणजे मोठ्यांच्या जबाबदारीविषयी. सप्टेंबर २०२२ मध्ये कोइमतूर येथे दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम विभागाचे कर्णधार होते अजिंक्य रहाणे. संगमनेर तालुक्यातील एका खेड्यात जन्मलेले. त्यांच्या संघातील तरुण यशस्वी जयस्वाल याने त्याच सामन्यात २६५ धावा केल्या होत्या. शेवटच्या दिवशी क्षेत्ररक्षण करताना तो प्रतिस्पर्धी फलंदाजाला उद्देशून सतत बोलत राहिला. समज देऊनही फरक पडला नाही, तेव्हा रहाणे यांनी त्याला मैदानाबाहेर पाठवले. त्याच्या जागी क्षेत्ररक्षकही न घेता संघ काही काळ दहा जणांनिशी खेळला. द्विशतकवीराला शिस्त लावणारा कर्णधार ज्या संघाला लाभतो, त्या संघात शिस्तीची व्याख्याने द्यावी लागत नाहीत. पश्चिम विभागाने तो सामना जिंकलाही.

आपल्याकडे उलट चित्र दिसते. एखादा मुलगा कट लागली म्हणून स्वतः निघून येतो आणि तंबूत त्याला पहिला प्रश्न विचारला जातो, ‘अरे, पंचाने दिलं होतं का?’ या एका प्रश्नाने आपण वर्गात शिकवलेल्या सुभाषितांवर पाणी फिरवतो. मुले भाषणातून शिकत नाहीत, माझ्या भाषणातूनही शिकणार नाहीत. आपण कशावर रागावतो आणि कशावर खूश होतो, हे पाहून ती शिकतात.

म्हणून आपणापुढे तीन साध्या सूचना ठेवतो. पहिली : सामन्यापूर्वी दोन्ही कर्णधारांनी हस्तांदोलन करतानाच एकमेकांना सांगावे की आमच्या बाजूने कट लागली तर फलंदाज निघेल. दुसरी : फलंदाजी करणाऱ्या संघाचा मुलगा पंच म्हणून उभा राहील, तेव्हा तेवढा वेळ तो कोणत्याही संघाचा नाही, हे शिक्षकांनी त्याला आधी समजावून सांगावे, आणि त्याने आपल्या मित्राला बाद दिले तर त्याच्या पाठीशी उभे राहावे. तिसरी : परतणाऱ्या मुलाला किती धावा केल्या असे विचारण्याआधी कसा बाद झालास असे विचारावे आणि त्याचे उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे.

ही मुले उद्या सगळीच क्रिकेटपटू होणार नाहीत. कोणी तलाठी होईल, कोणी आडत्याकडे काट्यावर बसेल, कोणी शिक्षक, कोणी ठेकेदार. त्या प्रत्येक जागी अशी वेळ येईल की वजनातली खोट, मोजणीतली चूक फक्त त्यालाच माहीत असेल आणि पंचाला ती दिसलेली नसेल. तेव्हा काय करायचे, याची सवय वयाच्या बाराव्या वर्षी, मोकळ्या रानात, टेनिसच्या चेंडूने खेळताना लागलेली असली पाहिजे. ती लावणे आपल्या हातात आहे.